आज पेशंट पलंगावर का आहे?

इस्पितळातल्या मुक्कामाविषयी आलेली काही पत्रं यावेळी एकत्र घेतली आहेत. आजार वेगवेगळे आहेत, पण बहुतेकांच्या मनात शंका एकच: आजारी माणसाने हालचाल करावी की पडून राहावं? फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं काम ओपीडीत कमी आणि वॉर्डात जास्त. म्हणून पलंगापाशी उभी राहून नातेवाइकांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं. तोपर्यंत सगळं स्वतःचं स्वतः करत होते. आता आठवडा होत आला. छाती सुधारली, ऑक्सिजनही काढला, असं डॉक्टर म्हणतात. पण बाबांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागतात. हा अशक्तपणा न्यूमोनियाचाच का? त्यांना विश्रांती मिळावी म्हणून आम्ही बाथरूमलाही उठू दिलं नाही. सिस्टरही म्हणाल्या, पडतील, उठवू नका.

उत्तर: थोडा न्यूमोनियाचा आहे, पण बराचसा पडून राहण्याचा आहे. मांडीचे, पोटरीचे, कंबरेचे स्नायू एरवी दिवसभर शरीराचं वजन पेलत असतात. ते काम थांबलं की स्नायू झिजायला लागतात, आणि फार लवकर. अमेरिकेत साधारण ६७ वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांना १० दिवस अंथरुणात ठेवून मोजमाप केलं, तेव्हा पायांतला जवळजवळ १ किलो स्नायू गेलेला आढळला. ही माणसं आजारी नव्हती, जेवतखात होती. ताप, मेलेली भूक आणि धाप यांची भर पडली की झीज आणखी वाढते. गेलेली ताकद परत मिळवायला मात्र उतारवयात दिवसांच्या जागी आठवडे लागतात.

तुमच्या बाबांसारखे पेशंट मी सतत पाहते. अमेरिकेतल्याच एका पाहणीत ६५ च्या पुढच्या पेशंटच्या पायांना हालचाल मोजणारी छोटी यंत्रं लावली होती. दाखल होण्याआधी हे सगळे चालतेफिरते होते. इस्पितळातला त्यांचा ८३ टक्के वेळ आडवं पडून गेला. वॉर्डात मी कारण विचारते तेव्हा सहसा एकच उत्तर मिळतं, ‘आजारी आहेत ना!’ हे कारण पुरेसं नाही. राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा: आज पेशंट पलंगावर का आहे? हालचालीवर बंदी आहे का, असली तर कशासाठी आणि कधीपर्यंत? मणक्याला मार, न बसवलेलं फ्रॅक्चर, चालू रक्तस्राव, ड्रिपमधल्या औषधावर टिकवलेलं बीपी अशी खरी कारणं असतात, आणि ती असली की डॉक्टर लगेच सांगतात. कारण नसेल तर फाईलवर ‘आधाराने चालवा’ असं लिहून घ्या. एकदा लिहिलं की सिस्टरनाही उठवायला आधार मिळतो.

आता उठवायचं कसं. बहुतेक नातेवाईक पेशंटचे दोन्ही हात धरून त्याला ओढतात. त्याने खांदा दुखावतो आणि पेशंट मागे रेलतो. त्याऐवजी पलंग खाली करा, चाकांचे ब्रेक लावा, सलाईनची नळी आणि लघवीची पिशवी कुठे आहे ते आधी बघून घ्या. बाबांना गुडघे वाकवून कुशीवर वळायला सांगा. दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने गादी दाबत वर यायचं. पायांच्या वजनाने धड आपोआप उचललं जातं. तुमचा एक हात त्यांच्या खांद्यामागे असू द्या, पण ढकलू नका.

बसले की तिथेच थांबायचं. पावलं जमिनीला टेकलेली हवीत, लोंबकळलेली नकोत. घोटे वरखाली करायचे आणि तुमच्याशी बोलत राहायचं. कित्येक दिवस आडव्या राहिलेल्या माणसाचं रक्त उभं राहिल्यावर पायांकडे उतरतं आणि बीपी घसरतं. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याला आजाराच्या यादीत घालतात. म्हणून पहिल्यांदा उठवताना सिस्टरना बीपी बघायला सांगा. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, बोलता येणार नाही इतकी धाप, घामाने डबडबणं, यातलं काहीही झालं तर परत झोपवायचं आणि सिस्टरना हाक मारायची.

उभं राहताना पावलं मागे, गुडघ्यांच्या थोडी आत घ्यायची. दोन्ही हात गादीवर. मग नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं पुढे वाकायचं आणि हातांनी गादी दाबून उठायचं. लोक इथे चुकतात, सरळ वर उठायला बघतात. वजन मागेच राहतं आणि माणूस पुन्हा धपकन बसतो. पुढे वाकलं की तोच माणूस एका माणसाच्या आधाराने उठतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी कॉरिडॉरभर फिरवायची घाई नको. तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत बसून, एवढं आधी साधा. खुर्चीत बसलं की छाती मोकळी होते, खोकून कफ पाडता येतो आणि घास गिळणंही सोपं जातं. पुढची पायरी म्हणजे बेडपॅनऐवजी आधाराने टॉयलेटपर्यंत. तेवढ्याने दिवसाच्या चारपाच फेऱ्या आपोआप होतात. स्पेनमध्ये पाम्प्लोनाच्या इस्पितळात सरासरी ८७ वर्षांच्या पेशंटकडून रोज दोन वेळा, प्रत्येकी २० मिनिटं, चालण्याचा, ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम करून घेतला. नेहमीच्या उपचारांवर असलेले पेशंट घरी जाताना आले त्यापेक्षा परावलंबी होते. व्यायाम केलेले थोडे सुधारलेले होते, आणि व्यायामामुळे कुणालाही इजा झाली नाही. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाबा ७४ चे आहेत, त्यांना भरपूर वाव आहे. आजच सुरू करा.

प्रश्न: आतड्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी मला चालायला लावलं. पोटावर एवढे टाके असताना चालल्यामुळे ते तुटणार नाहीत का? मी घाबरून नाही म्हणालो, तर सर्जन रागावले.

उत्तर: त्यांनी रागावण्याऐवजी समजावून सांगायला हवं होतं. तुम्हाला कातडीवरचे टाके दिसतात. पोटाचा खरा भार त्याखालच्या चिवट पडद्याला घातलेल्या टाक्यांवर असतो, आणि पेशंट चालणार, खोकणार हे धरूनच ते घातलेले असतात. पडून राहण्यातले धोके मात्र खरे आहेत. उताणं झोपून, दुखतं म्हणून वरवर श्वास घेत राहिलं की फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि तिथे कफ साचतो. पोटरीतल्या शिरांतलं रक्त संथ होतं, त्यात गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

तुमची भीती जुनी आहे. ऑपरेशननंतर दोनतीन आठवडे अंथरूण सोडायचं नाही, हाच एके काळी नियम होता. १८९९ मध्ये शिकागोचे एमिल रीस यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटना एकदोन दिवसांत उठवलं आणि ते अधिक लवकर बरे होतात असं मांडलं. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पलंग कमी पडायला लागले, पेशंटना लवकर उठवावं लागलं, आणि त्यांचं वाईट होत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी वेदना नीट आटोक्यात ठेवणं, लवकर खायला देणं आणि लवकर उठवणं यांची एकत्र सांगड घातली. आज आतड्याच्या ऑपरेशननंतर जगभर हीच पद्धत चालते. हृदयविकाराचंही असंच झालं. झटक्यानंतर महिना-दीड महिना पेशंटला हलू द्यायचे नाहीत. १९५२ मध्ये बोस्टनमध्ये लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा पेशंटना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भरपूर विरोध केला होता.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे दुखणं दाबल्याशिवाय चालायला जाऊ नका. वेदनेचं औषध चालण्याच्या अर्धा तास आधी मिळावं असं सिस्टरना सांगून ठेवा. ‘सहन होतंय’ म्हणून गप्प राहणारे पेशंट वाकून, श्वास रोखून चार पावलं चालतात आणि परत पडतात. खोकला आला तर उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबा, मग खोका. शक्य तेवढं ताठ उभे राहा. लघवीची पिशवी चालताना कंबरेच्या खाली धरायची, हातात उंच नाही, नाहीतर लघवी उलटी फिरते. जखमेतून अचानक पाणी किंवा रक्त वाहायला लागलं, किंवा आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तर मात्र तिथेच थांबून लगेच कळवायचं.

प्रश्न: मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पेशंटना चालवायला हवं हे कळतं. पण रात्रपाळीला माणसं कमी, आणि पेशंट पडला की स्पष्टीकरण माझ्याकडूनच मागतात. पलंगावर असलेला पेशंट निदान पडत तरी नाही. तुम्ही फिजिओ येऊन दहा मिनिटं चालवून जाता, बाकीचे तेवीस तास आम्ही काय करायचं?

उत्तर: सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं रास्त आहे. जिथे फक्त पडण्याची नोंद होते आणि पाय गेल्याची होत नाही, तिथे नर्सने पेशंटला झोपवून ठेवलं तर दोष तिचा नाही. पेशंट चालत आला आणि व्हीलचेअरवर घरी गेला, याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टर यांनी मिळून हे बदलायला हवं. दाखल होताना पेशंट कसा चालत होता ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि डिस्चार्जला पुन्हा लिहायचं. दोन्ही ओळी शेजारी आल्या की राउंडला बोलणं आपोआप सुरू होतं.

‘निदान पडत तरी नाही’ हे मात्र मला पटत नाही. पाचसहा दिवस झोपवून ठेवलेला पेशंट एका रात्री लघवीला घाई होते म्हणून कठड्यावरून उतरायला जातो, आणि तेव्हा पडतो. त्याच्या पायांत जोर असता तर तो सावरला असता. कठडा वर असल्याने तो आणखी उंचावरून पडतो. म्हणून झोपायच्या आधी टॉयलेटला नेऊन आणणं, पलंग सगळ्यात खालच्या उंचीवर ठेवणं, रात्री पायाकडे थोडा उजेड ठेवणं आणि बेलचं बटण हाताशी देणं याने रात्रपाळीची माझ्या मते बरीच चिंता मिटते.

सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही. सकाळच्या राउंडला प्रत्येक नळीमागे विचारा, ही आज लागते का? लघवीची नळी सगळ्यात आधी. ती बऱ्याचदा पहिल्या दिवशी घातलेली असते आणि काढायची राहून जाते. पेशंटला ती पलंगाला बांधून ठेवते आणि जंतुसंसर्गही आणते. अँटिबायोटिक दिवसातून दोनदाच असेल तर मधल्या वेळात सलाईनचा स्टँड कशाला अडकवून ठेवायचा? हाताच्या शिरेतली कॅन्युला बंद करा, पेशंट मोकळा होतो. नातेवाईक दिवसभर बसून असतात, त्यांना कुशीवर वळून उठवायची रीत एकदा दाखवा. अंग पुसून द्यायच्या आधी पेशंटला विचारा, तोंड तुम्ही स्वतः धुणार का? वेळ थोडा जास्त जाईल, पण हात, मान, पाठ सगळं हलेल.

आणि कपडे. इंग्लंडमधल्या इस्पितळांत २०१८ मध्ये पेशंटना दिवसा रात्रीच्या कपड्यांतून बाहेर काढायची ७० दिवसांची मोहीम झाली होती. नर्सिंगमधल्या लोकांनीच ती उचलून धरली. इस्पितळाचा गाऊन पाठीमागे उघडा असतो, त्यात कोण बाई कॉरिडॉरमधून चालायला तयार होईल? आमच्या वॉर्डातल्या एक आजी रोज ‘आज नको’ म्हणायच्या. सुनेने त्यांचे नेहमीचे कपडे आणून दिले, केस विंचरून दिले, त्या दिवशी त्या आपणहून दारापर्यंत आल्या. त्यांच्या औषधांत त्या दिवशी काहीही बदल केलेला नव्हता.

प्रश्न: पायात रक्ताची गुठळी निघाली आहे. शेजारच्या पलंगावरचे म्हणतात, पाय जराही हलवू नको, गुठळी सुटेल. खरं का?

उत्तर: पूर्वी डॉक्टरही असंच सांगायचे. आता, रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर चालायला परवानगी देतात. चालल्यामुळे गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढत नाही, हे पेशंटवर तपासून झालं आहे. पायाचं दुखणं आणि सूज मात्र चालल्याने लवकर कमी होऊ शकते. तुमचं औषध सुरू आहे ना, एवढं आज डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना परवा पक्षाघाताचा झटका आला. लवकर चालवलं तर लवकर सुधारतात असं वाचलं. मी रोज दिवसभर त्यांना उभं करायचं म्हणते, पण थेरपिस्ट थोडंच करून थांबतात. त्यांना सांगून जास्त करून घेऊ का?

उत्तर: नका. इथे थेरपिस्टचं बरोबर आहे. २०१५ मध्ये पाच देशांतल्या दोन हजारांहून जास्त पक्षाघाताच्या पेशंटवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. अर्ध्यांना पहिल्या २४ तासांतच आणि दिवसातून बऱ्याच वेळा उठवलं, उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने. तीन महिन्यांनी चांगले सुधारलेले पेशंट नेहमीच्या गटात ५० टक्के होते, लवकर आणि जास्त केलेल्या गटात ४६. हालचालीलाही औषधासारखा डोस असतो. त्याच माहितीच्या पुढच्या अभ्यासात, थोडा थोडा वेळ पण जास्त वेळा उठवलेल्यांचं बरं झालं असं दिसलं.

तुम्हाला करण्यासारखं पुष्कळ आहे. कमजोर हात कधीही धरून ओढू नका, तो खांद्यातून निसटू शकतो. बसलेले असताना तो उशीवर ठेवा. त्यांच्याशी बोलताना, गिळण्याची तपासणी झाल्यावर भरवताना, थेरपिस्ट सांगतील त्या बाजूला बसा. त्यांचं बसवणं-उठवणं चालू असताना शेजारी उभ्या राहून नीट बघा. घरी गेल्यावर ते तुम्हालाच करायचं आहे.

प्रश्न: आई आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. काल दोघातिघांनी मिळून तिला नळीसकट पलंगाच्या कडेला बसवलं. बघवलं नाही. एवढ्या आजारी माणसाला कशाला त्रास?

उत्तर: बघवत नाही, हे अगदी समजतं. पण आईला बसवण्याआधी त्यांनी ऑक्सिजन, बीपी, नाडी हे सगळं तपासलेलं असतं, आणि नळी सांभाळायला एक माणूस फक्त त्यासाठीच असतो. अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटची गुंगी रोज थोडा वेळ उतरवत होते, आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना त्याच वेळी हलवायला, बसवायला सुरुवात केली. इस्पितळ सोडताना या निम्म्यांतले ५९ टक्के आपलं आपण करू शकत होते, दुसऱ्या गटात ३५. भ्रमाचे, म्हणजे कुठे आहोत याचं भान हरपण्याचे, दिवसही निम्मे झाले. हे २००९ मधलं. पुढे २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात नेहमीपेक्षा जास्त जोर लावून हालचाल करून घेतली, तर जास्तीचा फायदा मिळाला नाही आणि नाडी-ऑक्सिजनचे त्रास वाढले. म्हणून किती करायचं ते रोज पेशंट बघून ठरवतात. त्या वेळी तुम्ही समोर, तिच्या नजरेच्या उंचीवर उभे राहा आणि आज वार कोणता, ती कुठे आहे, तिला कोण धरून आहे ते सांगत राहा.

प्रश्न: सासऱ्यांना पुढच्या आठवड्यात ऑपरेशनसाठी दाखल करायचं आहे. बरोबर काय न्यावं?

उत्तर: मागून बंद असलेले, तळ न घसरणारे बूट किंवा सँडल. सपाता नकोत, त्या पायातून निघतात, आणि नुसते मोजे घालून तर अजिबात चालायचं नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र, त्याच्या जादा बॅटऱ्यांसह, कारण न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस उठायला घाबरतो. दिवसाचे कपडे, पुढून उघडणारे. एक घड्याळ. आणि ते घरी वापरत असतील तर त्यांचीच काठी, नाव लिहून. काठीची उंची दाखल व्हायच्या आधीच तपासा: बूट घालून सरळ उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे, मनगटावरची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. त्यापेक्षा उंच असेल तर रबरी टोपण काढून खालून कापून घ्या आणि झिजलेलं टोपण त्याच वेळी बदला.